स्थिर झालं, सुखाचं काय?

पवनमुक्तासनाला नाव देणारा माणूस फार प्रामाणिक असला पाहिजे. उल्हासनगरच्या कॅम्प ४ मध्ये, विठ्ठलवाडी स्टेशनापासून चालत जाता येईल अशा एका शाळेच्या हॉलमध्ये आमचा सकाळचा योगवर्ग भरतो. परवा आम्ही वीस-बावीस जण गुडघे पोटाशी आवळून पाठीवर पडलो होतो, आणि मागच्या रांगेतून आसनाच्या नावाला जागणारा आवाज आला. दोन-तीन सेकंद सगळे पंख्याकडे बघत राहिले. मग एका सिंधी आजींनी तोंडात ओढणीचा बोळा घातला, तो काही पुरला नाही, आणि अख्खा हॉल फुटला. शिकवणाऱ्या बाईसुद्धा डोळे पुसत होत्या. घरी निघताना चपला शोधता शोधता एक निवृत्त काका मला म्हणाले, "ताई, हे बरं नाही. साधनेत हसायचं नसतं."

ते वाक्य डोक्यात बसलं. हसायचं नसतं, हे ठरवलं कुणी? जमेल तसं चाळत गेले: जुने ग्रंथ, आपले संत, गेल्या शंभर वर्षांतल्या महाराष्ट्रातल्या योगसंस्था, अगदी हास्यक्लबसुद्धा. माझं मत आधीच सांगून टाकते. काकांचा नियम वाटतो तितका जुना नाही. तो बराचसा कवायतीच्या मैदानावरून हॉलमध्ये आला आहे, आणि उरलेला डॉक्टरच्या चिठ्ठीवरून.

पतंजलींनी आसनावर जेमतेम तीन सूत्रं खर्च केली आहेत. त्यातलं पहिलं सूत्र आसनाकडे दोनच गोष्टी मागतं, ते स्थिर हवं आणि सुखाचं हवं. टाच जमिनीला टेकली का, कपाळ गुडघ्याला लागलं का, याबद्दल अवाक्षर नाही. दुसऱ्या सूत्रात ते साधायचं कसं ते येतं. प्रयत्न ढिला करायचा आणि मन अनंताशी जोडायचं. प्रयत्नशैथिल्य हा शब्द मला फार आवडतो. आयुष्यभर सगळ्यांनी प्रयत्न वाढवायला सांगितलं. तो कमी करायला सांगणारा हा एकच शिक्षक भेटला. आमच्या वर्गात आम्ही 'स्थिर'वर मेहनत घेतो, थरथरत्या मांड्यांनी दात-ओठ खात वीस मोजतो, आणि 'सुखा'चा अर्धा भाग शवासनावर सोडून देतो.

पतंजलींकडे आनंदाची आणखीही पेरणी आहे. समाधीच्या सुरुवातीच्या पायऱ्यांत आनंद हीच एक पायरी आहे. शौचाची फळं सांगताना ते सौमनस्य, म्हणजे मनाचा बरा मूड, त्यात धरतात. संतोषातून ज्याच्या वर काही नाही असं सुख मिळतं, असंही सांगतात. चित्त विस्कटलं की सोबत काय काय येतं याच्या यादीत दुःख आहे, अंगाचा कंप आहे, बिघडलेला श्वास आहे आणि दौर्मनस्यही आहे. म्हणजे चेहरा पाडून बसणं हे पतंजलींच्या लेखी साधनेचं लक्षण ठरत नाही, ते अडथळ्याच्या खात्यात जातं.

खरी कसोटी मात्र मुदितेची. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाबद्दल करुणा, चांगलं करणाऱ्याबद्दल मुदिता आणि वाईट वागणाऱ्याकडे उपेक्षा, अशा चार भावनांनी चित्त निवळतं असं हे सूत्र आहे. मैत्री, करुणा हे शब्द आपण सहज वापरतो. मुदिता मागे पडली, कारण ती सगळ्यात अवघड आहे. दुसऱ्याचं भलं पाहून आपल्याला बरं वाटणं! शेजारच्या मॅटवरच्या सहासष्ट वर्षांच्या बाईंचं डोकं पश्चिमोत्तानासनात सहज गुडघ्याला टेकतं, माझं कोपरसुद्धा तिकडे फिरकत नाही. अशा वेळी मला जे वाटतं त्याचं नाव मुदिता नाही, हे मी मोकळेपणानं कबूल करते. या चार भावना बौद्ध परंपरेतही चार ब्रह्मविहार म्हणून आहेत. आमच्या कॅम्पात सुभाष टेकडीकडे राहणाऱ्या एका मैत्रिणीला हे सूत्र वाचून दाखवलं, तेव्हा ती म्हणाली, "अगं, हे तर आमच्या विहारात लहानपणापासून ऐकतेय. तुला आत्ता कळलं?"

आता काकांच्या बाजूचा पुरावा. तो आहे, आणि वजनदार आहे. विवेकी माणसाला सगळं दुःखच दिसतं, असं त्याच पतंजलींनी दुसऱ्या पादात सांगितलं आहे. सुख टिकत नाही, गेलं की तापवतं, संस्कार मागे ठेवून जातं. हे सूत्र बाजूला सारून योग म्हणजे नुसती मजा असं म्हणणं ही लबाडी होईल. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये २०१६ च्या सुमारास शेळ्यांच्या सोबतीनं योग करायची टूम निघाली. माणूस वाकला की शेळी पाठीवर चढते. माझ्या आजीनं शेळ्या पाळल्या होत्या. तिला हे सांगितलं असतं तर तिनं त्या माणसाची कीव केली असती. अशा गमतीला माझी हरकत नाही, पण पतंजली ज्या सुखाबद्दल बोलतात ते हे नसावं. तिथला आनंद काहीतरी मिळाल्याचा नाही. हातातलं ओझं खाली ठेवल्यावर खांद्याला जे वाटतं, तसला तो आहे. दुःखाचं सूत्र आणि सुखाचं सूत्र मग भांडत नाहीत. ओझं आहे हे पहिल्यात कळतं, ते ठेवता येतं हे दुसऱ्यात.

उपनिषदं तर याहून धीट आहेत. तैत्तिरीयात आनंदाचा चक्क हिशेब मांडला आहे. तरुण, सज्जन, शिकलेला, धट्टाकट्टा माणूस घ्या, सारी पृथ्वी धनासकट त्याच्या मालकीची करा, हे झालं मानवी आनंदाचं एक माप. मग मनुष्यगंधर्व, देवगंधर्व, पितर असं करत इंद्र, बृहस्पती, प्रजापती आणि ब्रह्मापर्यंत दर पायरीला शंभरपट. दहा पायऱ्या, म्हणजे एकावर वीस शून्यं. आणि प्रत्येक पायरीवर शेरा असा की जाणत्या, निरिच्छ माणसाला तेवढा आनंद इथेच मिळतो. हा हिशेब करणाऱ्या ऋषींना विनोदबुद्धी नव्हती असं मला कुणी पटवून देऊ नये. गीतेतही अर्जुन हातपाय गाळून बसल्यावर कृष्ण बोलायला सुरुवात करतो ती हसल्यासारखी करून. अठरा अध्यायांच्या उपदेशाआधी वक्त्याच्या ओठांवर हसू आहे.

हठयोगाचं नाव काढलं की लोकांना हट्टच आठवतो. पण पंधराव्या शतकातल्या स्वात्मारामांच्या हठयोगप्रदीपिकेत योग बिघडवणाऱ्या सहा गोष्टींत अतिखाणं आणि वायफळ बडबड यांच्या जोडीला अतिश्रम आहेत आणि नियमाग्रहही आहे. नियमांना चिकटून बसणं! साधणाऱ्या गोष्टींची यादी सुरू होते ती उत्साहापासून. आणि हठयोग साधल्याच्या खुणा सांगताना सडपातळ अंगाच्या लगेच मागे चेहऱ्यावरची प्रसन्नता येते. आमच्या बाई दर आसनात "चेहऱ्यावर स्मितहास्य ठेवा" म्हणतात ते मला इतके दिवस फोटोवाल्याचं वाक्य वाटायचं. त्याला चांगला पाचशे वर्षांचा आधार निघाला.

मराठी माणसाला मात्र यासाठी संस्कृतात जायची गरज नाही. आपल्याकडे योग्याची फिरकी घेण्याची परंपरा आहे आणि तिची मेरुमणी एक मुलगी आहे. चांगदेवांची कथा सगळ्यांना माहीत असते, पण ती आपण चमत्काराची म्हणून ऐकतो. मला ती विनोदाची वाटते. चौदाशे वर्षं योगबळावर काळाला चुकवलेला महायोगी, ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसतो आणि मायन्यावरच अडतो. वयानं लहान म्हणून चिरंजीव लिहावं, की ज्ञानानं मोठे म्हणून तीर्थरूप? शेवटी कोरा कागद धाडतो. तो बघून मुक्ताबाई म्हणते की एवढी वर्षं जगून हा कोराच राहिला. पुढे ते वाघावर बसून, सापाचा चाबूक करून येतात, तर ही भावंडं भिंतीवर बसलेली. ती भिंतच चालवत सामोरी जातात. ज्याचा थाट सगळ्यात मोठा त्याच्यासमोर एक साधी मातीची भिंत. कोऱ्या पत्राला उत्तर म्हणून ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्या लिहिल्या आणि चांगदेवांनी पुढे गुरू केलं ते मुक्ताबाईलाच, अशी परंपरा सांगते. म्हणजे आधी टिंगल आणि मग दीक्षा. त्याच मुक्ताबाईनं संतांच्या मेळाव्यात गोरोबाकाकांना थापटणं घेऊन मडकी तपासायला लावलं आणि नामदेवांचं मडकं कच्चं निघालं.

ज्ञानेश्वर स्वतः नाथपंथी. गहिनीनाथांकडून निवृत्तीनाथांकडे आणि तिथून त्यांच्याकडे आलेला कुंडलिनीचा सगळा प्रवास त्यांनी शके १२१२ मधल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात तपशिलानं मांडला. तरी त्यांच्या मागून चाललेल्या लोकांनी हातात टाळ घेतले. वारीत सत्तरीचे वारकरी फुगडी घालतात, पावली खेळतात, रिंगणात घोड्यामागे पळतात. गुडघ्याला पट्टा बांधून योगवर्गाला येणारा माणूस आषाढीला हे सगळं करतो आणि त्याला ते साधनेबाहेरचं वाटतं, याचं मला नवल वाटतं.

मग हा कडक चेहरा आला कुठून? गेल्या शतकातला महाराष्ट्र पाहिला की दोरा सापडतो. २५ डिसेंबर १९१८ ला योगेंद्रजींनी मुंबईत वर्सोव्याला योग इन्स्टिट्यूट काढली, संन्यासी नसलेल्या संसारी माणसासाठी. १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं आणि योगाला प्रयोगशाळेत नेलं. नौली, म्हणजे पोटाचे स्नायू घुसळण्याची क्रिया, करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो हे त्यांनी उपकरणं लावून मोजलं आणि त्या पोकळीला गुरूंचं, माधवदासांचं नाव दिलं. मोठं काम. पण कुवलयानंद हे बडोद्याच्या माणिकरावांच्या आखाड्यातही घडले होते, आणि शाळांसाठी त्यांनी 'यौगिक संघ व्यायाम' बसवला, रांगेत उभं राहून हुकुमावर करायचा. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी संस्थानातल्या शाळाशाळांत सूर्यनमस्कार नेले. देश गुलाम होता, पोरं किडकिडीत होती. त्या काळाला शिस्त हवीच होती, त्यात दोष काढण्यात अर्थ नाही. फक्त त्या एक-दोन-तीन-चारचा आवाज आपण अजून बंद केलेला नाही. आजही कुणी भेटलं की विचारतं, "किती घालता?" कसे घालता, हे कुणी विचारत नाही.

त्यावर दुसरा थर आजारांचा. साखर, बी.पी., थायरॉईड, कंबर. वर्गात नाव नोंदवताना आनंदासाठी आलो असं लिहिलेलं मी पाहिलेलं नाही. पु.लं.च्या 'बटाट्याच्या चाळी'तला 'उपास' जसा वजनकाट्यापाशी सुरू होतो, तसा आपला योग रिपोर्टपाशी सुरू होतो, आणि रिपोर्ट सुधारला की संपतो.

कडकपणाचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण पुण्याचं. बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात शिकवायला आले आणि तिथलेच झाले. ते शिष्यांना थोपटत कमी आणि ठोकत जास्त. त्यांच्या आद्याक्षरांवरून पाश्चात्त्य शिष्यांनी केलेली मारझोडीची कोटी जगभर फिरली. पण याच माणसानं विटा, पट्टे, दोर, लोड, खुर्च्या आणून आसनांना टेकू दिला, आणि ज्याचा हात पायापर्यंत पोहोचत नाही त्याच्या हातात पट्टा ठेवला. लहानपणी मलेरिया, विषमज्वर, क्षय यांनी पिळून काढलेल्या पोराला टेकूची किंमत ठाऊक असणार. जिभेवर शिस्त आणि हातात लोड. सूत्रातला 'सुख' शब्द इतक्या हिशेबानं कुणी अमलात आणला असेल असं मला वाटत नाही. बोस्टन विद्यापीठात २०१० मध्ये झालेल्या एका अभ्यासात याच पद्धतीचा योग करणाऱ्यांची तुलना तेवढाच वेळ चालणाऱ्यांशी केली. बारा आठवड्यांनंतर योगवाल्यांचा मूड जास्त सुधारला आणि चिंता जास्त उतरली. माणसं मोजकी, तीस-पस्तीस होती, त्यामुळे फार उड्या मारू नयेत. पण दिशा बरी आहे.

आणि हास्यक्लब. १३ मार्च १९९५ ला अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या बागेत डॉ. मदन कटारिया यांनी चार जणांना गोळा केलं आणि विनोद सांगून हसायला सुरुवात केली. पंधरवड्यातच विनोद संपले, उरले ते शिळे किंवा कुणाला तरी टोचणारे. मग विनोदाशिवायच हसायचं ठरलं. पत्नी माधुरी योगशिक्षिका, त्यामुळे हसण्यांच्या मध्ये श्वसन आलं आणि हास्ययोग झाला. तो बघता बघता जगभर गेला. पुण्यात विठ्ठल काटे यांनी नवचैतन्य हास्ययोग परिवार उभा केला आणि पेन्शनरांच्या सकाळींना एक ठिकाण मिळालं.

बाहेरून पाहणाऱ्याला हे वेडगळ वाटतं, मलाही वाटायचं. हात वर करून हो हो, हा हा. पण रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी संशोधकानं लोकांच्या रोजच्या बोलण्यातली बाराशे हसणी टिपली, तेव्हा विनोदावर हसलेली त्यात वीस टक्क्यांहून कमी निघाली. एकट्यापेक्षा चारचौघांत माणूस तीसपट जास्त हसतो, असंही त्यानं मांडलं. म्हणजे हसू बहुतेक वेळा सोबतीचं असतं, कोटीचं नसतं. कटारियांच्या बागेतला अनुभव हेच सांगतो. माझी शंका दुसरी आहे. वेळापत्रकावरचं हसणं हीही कवायतच, फक्त हुकूम वेगळा. ज्याला एरवी हसायला माणूस नाही त्याच्यासाठी ती मोलाची, त्याबद्दल वाद नाही. पण पवनमुक्तासनात आम्ही हसलो तेव्हा कुणी मोजत नव्हतं, आणि नंतरच्या प्राणायामात श्वास जितका मोकळा गेला तितका आधी महिनाभर गेला नव्हता.

आमच्या गावाचं नावच उल्हास, ही गंमत राहून जाऊ नये. दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी, फाळणीनंतर तिच्या बराकींत आणून ठेवलेले सुमारे एक लाख सिंधी, आणि ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला. नाव दिलं ते जवळच्या उल्हास नदीवरून. संस्कृतात ग्रंथाच्या प्रकरणालाही उल्लास म्हणतात. मम्मटाच्या काव्यप्रकाशाचे दहा उल्लास, आमचे पाच कॅम्प. सगळं सोडून आलेल्या माणसांना कुणी 'आनंदनगर' पत्ता द्यावा यात विनोद आहे की क्रौर्य, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या माणसांच्या सामानात योगही होता. शाह अब्दुल लतीफ यांच्या 'रिसालो'त रामकली हा अख्खा सूर जोग्यांवर आहे. हे सूफी कवी स्वतः जोग्यांबरोबर हिंगलाजपर्यंत भटकले होते. आपल्याकडे ज्ञानेश्वरांमार्फत आलेला नाथांचा धागा आणि सिंधमध्ये लतीफांच्या गाण्यात शिरलेला जोगी, दोघं आमच्या हॉलमध्ये शेजारी शेजारी मॅटवर पडलेले असतात. ओढणीवाल्या आजींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "जोगी ठीक आहे, पण माझी कंबर बघ आधी."

प्रदीपिकेत योग्याच्या मठीचं वर्णन आहे. राज्य चांगलं असावं, उपद्रव नसावा, धनुष्याच्या लांबीइतक्या अंतरात दगड, आग, पाणी नसावं. आमच्या हॉलच्या एका बाजूला जीन्स शिवणारी मशीनं सकाळी सातलाच घरघरतात, दुसरीकडे रिक्षांची लाईन, आणि वारा फिरला की वालधुनीचा वास. अंबरनाथच्या डोंगराकडून निघून शिलाहारांच्या त्या १०६० सालच्या शिवमंदिराला खेटून येणारी ही नदी आमच्यापर्यंत येते तेव्हा तिच्यात पाण्याहून दुसरंच जास्त असतं. खोल श्वास घ्या म्हटलं की आधी खिडकीशी बसलेला माणूस बाहेरची खबर देतो, मग आम्ही ठरवतो. बाईंनी यावर योगेंद्रजींच्या संस्थेतला निस्पंदभाव काढला. भिंतीला टेकून बसायचं, पाय सैल सोडायचे, डोळे मिटायचे आणि जे आवाज येतील ते नुसते ऐकायचे, चांगला-वाईट न म्हणता. पहिल्या दिवशी मी मशीनवर चिडले. आठवड्याभरात कुठली मशीन सरळ शिलाई मारतेय आणि कुठली वळणावर अडतेय ते कळायला लागलं. निवृत्त काका मिलमध्ये होते. ते डोळे न उघडता पुटपुटले, "तिसरीला तेल पाहिजे."

हसायचं नसतं म्हणणारे काका ते हेच. पुढच्या शवासनात त्यांना झोप लागली आणि ते घोरायला लागले, मोठ्यानं, मधूनच शिट्टी वाजवत. आजींनी माझ्याकडे पाहिलं. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि हजेरीचं पुस्तक घेऊन दाराशी जाऊन बसल्या. पुढच्या वर्गाची पोरं बाहेर जमली होती. त्यांना दहा मिनिटं पायरीवर थांबवून ठेवलं.